चिंचवडचे दामोदर हरी चापेकर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा कमिटीचा निरोप आला. मी अनेक वर्षे सोसायटीचा खजिनदार होतो, त्यामुळे मी मेंटेनन्स आणि सिंकिंग फंडावर लिहीन असे बहुतेकांना वाटले असणार. ते सगळे वार्षिक अहवालात आहेच, आणि तिथेही कोणी वाचत नाही! म्हणून दुसरा विषय घेतला. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी ना कोणी रोज चापेकर चौकातून जाते. बस तिथे थांबते, रिक्षावाला तिथे सोडतो, पार्सलच्या पत्त्यात तो असतो. चौकात पुतळे आहेत. पण पुतळे कोणाचे म्हणून सोसायटीतल्या मुलांना विचारले, तर रँडला गोळ्या घातल्या आणि फाशी गेले, एवढी दोन वाक्ये मिळतात. मोठ्यांकडूनही तिसरे वाक्य क्वचितच मिळते. दोष कोणाचाच नाही, शाळेच्या पुस्तकातसुद्धा तेवढेच असते.

दामोदरपंत चापेकरांचा जन्म १८६९ च्या जूनमध्ये इथेच चिंचवडला झाला. त्या वेळी पिंपरी म्हणजे एक लहान गाव. कारखाने नाहीत, हायवे नाही. चिंचवडची ओळख मोरया गोसावींच्या समाधीमुळे आणि देवस्थानामुळे. चापेकरांचे घर मोठे, एकत्र कुटुंबाचे. आजोबा विनायकराव यांच्या काळी पैसा होता, पण धंद्यात खोट बसत गेली आणि घर खाली आले. मी बँकेत उभे आयुष्य कर्जखाती पाहिली. पैसा जातो तेव्हा तो एकटा जात नाही, नातेवाईकांची ऊठबससुद्धा त्याच्याबरोबर जाते. चापेकरांच्या घरीही तेच झाले. वडील हरिभाऊ यांनी मग चरितार्थासाठी कीर्तन करायला सुरुवात केली. आज कीर्तनकार म्हटले की आपण नमस्कार करतो. पण तेव्हाच्या सुखवस्तू घराला बिदागीवर कीर्तन करणे कमीपणाचे वाटे आणि भाऊबंदांना ते रुचले नाही.

साथीला माणसे ठेवायची तर त्यांना पैसे द्यावे लागणार. ते नव्हते. म्हणून हरिभाऊंनी आपल्या मुलांनाच वाद्ये शिकवली. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव, तिघेही वडिलांच्या मागे उभे राहून साथ करीत. गावोगाव, संस्थानिकांच्या दरबारी, देवळांतून हा संसार फिरत राहिला. शाळा त्यामुळे धड झालीच नाही. पण कानावर सतत पुराणे, शास्त्रीबुवांचे वाद, संस्थानांतल्या गोष्टी पडत होत्या. दामोदरपंतांचे शिक्षण ते हे असे झाले. पुढे कुटुंब पुण्यात राहू लागले.

हे सगळे आपल्याला कळते ते त्यांच्या स्वतःच्याच लिखाणातून. येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी मोडी लिपीत आत्मवृत्त लिहिले. कित्येक वर्षे ते सरकारी दप्तरात पडून होते. १९७४ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने वि. गो. खोबरेकरांच्या संपादनाखाली ते छापले. मी ते दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना, खरं सांगतो, मी अस्वस्थ झालो. चौकातल्या पुतळ्यातून जो माणूस मनात उभा राहतो, त्यापेक्षा पुस्तकातला माणूस पुष्कळ अवघड आहे.

तो तापट आहे, कडवा आहे. व्यायामाचे वेड होते, बरोबरची मुले जमवून त्यांना कसरत आणि हत्यारांचे शिक्षण देत. सैन्यात शिरावे अशी फार इच्छा होती, ती पुरी झाली नाही. इंग्रजांचा राग होताच, पण तितकाच राग आपल्यातल्या सुधारकांचाही. विधवांचे लग्न, मुलींचे शिक्षण, जातीचे नियम सैल करणे, या गोष्टी त्यांना धर्म बुडवणाऱ्या वाटत. सुधारकांवर हल्ले केल्याचे ते स्वतःच लिहून ठेवतात, आणि त्यात लाज नाही, उलट अभिमान आहे. राष्ट्रीय सभेची भाषणेही त्यांना पोकळ वाटत. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले गेले होते, तेही आपणच केले असे त्यांनी कबूल केले. आपल्याकडे हुतात्म्याचे चरित्र सांगताना ही पाने बाजूला ठेवायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. माणसाने आपले सगळे लिहून ठेवले असताना आपण त्यातले निवडून घ्यायचे, म्हणजे खातेउताऱ्यातल्या फक्त जमेच्या रकमा वाचण्यासारखे आहे.

आता प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी रोग ओळखला. वर्षअखेर तो पुण्यात आला आणि १८९७ च्या फेब्रुवारीत शहरभर पसरला. त्याच महिन्यात सरकारने साथरोगांचा कायदा केला. हा कायदा मी वाचला आहे, वाचायला पाच मिनिटे लागतात, कारण त्यात मुळात चारच कलमे. सरकारला साथीच्या काळात वाटेल ते नियम करता येतील, नियम मोडला तर शिक्षा होईल, आणि या कायद्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्यावर दावा करता येणार नाही, हा त्याचा गाभा. मार्च महिन्यात पुण्यासाठी विशेष प्लेग समिती नेमली गेली आणि वॉल्टर चार्ल्स रँड हा सनदी अधिकारी तिचा अध्यक्ष झाला. त्याआधी तो साताऱ्याकडे होता. वाईच्या वाद्यांच्या प्रकरणात त्याने प्रतिष्ठित मंडळींना तुरुंगात धाडल्यामुळे त्याचे नाव इकडे आधीच पोचले होते.

रँडच्या हाताखाली सुमारे नऊशे गोरे-काळे सैनिक दिले गेले. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत हे सैनिक पेठांमधून घरोघर शिरत होते. सोवळेओवळे, देवघर, माजघर काही न पाहता आत जायचे. घरातल्यांना बाहेर काढायचे, काखेत-जांघेत गाठ आहे का ते तपासायचे. बायकांनाही. संशय आला की रुग्ण संगमाजवळच्या प्लेग हॉस्पिटलात आणि घरचे स्वारगेटच्या बाजूला उभारलेल्या छावणीत. मागे घराची जमीन खणायची, चुना फासायचा, अंथरुणे-कपडे जाळायचे. छावणीतून परत येणाऱ्याला घरात काय सापडेल याची खात्री नसे. मृताची नोंद झाल्याशिवाय अंत्यविधी करायचा नाही. समितीच्या अहवालात मात्र बायकांच्या अब्रूला मुद्दाम धक्का लावल्याची एकही विश्वसनीय तक्रार नाही, असे लिहिले आहे. सैनिकांना सभ्यपणे वागण्याच्या सूचना होत्या, हेही खरे असेल. पण मुख्य कार्यालयाचे परिपत्रक आणि काउंटरवरचा कारभार यात केवढे अंतर असते, हे मला कोणी शिकवायला नको.

त्यात दुर्दैव असे की हे सारे कशासाठी चालले आहे ते करणाऱ्यांनाही पुरते ठाऊक नव्हते. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये येरसँ याने शोधला होता. मुंबईत हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये लस स्वतःला टोचून घेतली होती. पण रोग उंदरावरच्या पिसवांमधून माणसात येतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले ते जून १८९८ मध्ये. दामोदरपंतांना फाशी होऊन तेव्हा दीड महिना झाला होता. म्हणजे अंथरूण जळत होते आणि उंदीर शेजारच्या घरात जात होता.

इथे थोडे थांबून एक आठवण काढतो. मार्च २०२० मध्ये आपल्या शहरात जे नियम लागले ते १८९७ च्या त्याच कायद्याखाली. आपल्या गेटला पत्रे ठोकले, एका विंगच्या जिन्याला दोरी बांधली. रुग्णवाहिका आली की सगळे गॅलरीत येऊन बघत. एका घरातल्या आजींना नेले, त्या परत आल्या नाहीत, आणि मुलाला लांबून नमस्कार करावा लागला. मुलाने नंतर मला विचारले होते की काका, यात चूक कोणाची धरायची? मला उत्तर देता आले नाही. आपल्याकडे औषध होते, डॉक्टर आपले होते, भाषा आपली होती, फोनवर बोलता येत होते. तरी इतके झाले. १८९७ साली यातले काहीच नव्हते, आणि दारात उभा राहणारा परक्या राज्याचा बंदूकधारी शिपाई होता. त्या वर्षीची पुण्यातली चीड समजायला मला २०२० चा उपयोग झाला.

त्याच प्लेगमध्ये, त्याच मार्च महिन्यात, पुण्याच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते तेही सांगितले पाहिजे. हडपसरजवळ सासाणे मळ्यात सावित्रीबाई फुले यांनी आपला डॉक्टर मुलगा यशवंत याच्याकडून प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू करवला होता. वय साठीच्या पुढचे. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. दामोदरपंतांना सावित्रीबाईंचे काम आवडले नसते, हे त्यांचे आत्मवृत्त वाचून मी खात्रीने म्हणू शकतो. एकाच शहरात, एकाच साथीने ही दोन माणसे इतक्या वेगळ्या वाटांनी गेली. कोण मोठे हे ठरवायला मी बसलेलो नाही. पण एकाची गोष्ट सांगताना दुसऱ्याची टाळू नये, असे मला वाटते.

उन्हाळा सरता सरता साथ ओसरली. आणि नेमका तेव्हा राणीच्या राज्यारोहणाच्या ६० वर्षांचा सोहळा आला, २२ जून १८९७. (आपला रौप्य, त्यांचा हीरक!) ज्या शहरात घरोघर सुतक होते, तिथे गणेशखिंडीच्या गव्हर्नर हाउसवर मेजवानी आणि रोषणाई होती. ती इमारत म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत, आणि त्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचे नाव आहे.

चापेकर बंधू संध्याकाळपासून गणेशखिंड रस्त्यावर होते. रँड जाताना दिसला, पण तेव्हा गर्दी होती, म्हणून परतीची वाट पाहायची ठरले. तलवारी जड झाल्या म्हणून एका मोरीखाली ठेवल्या, पिस्तुले जवळ होती. मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या परतू लागल्या. ठरलेली खुणेची हाक झाली आणि दामोदरपंत रँडच्या गाडीमागे पळत गेले, मागचा पडदा सारून त्यांनी गोळी झाडली. मागच्या गाडीत लेफ्टनंट आयर्स्ट हा तरुण अधिकारी पत्नीसह होता. त्याच्यावर बाळकृष्णपंतांनी गोळी झाडली, तो जागीच गेला. रँड ससूनमध्ये ११ दिवस होता, ३ जुलैला मेला. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा याच तारखेच्या नावाचा १९७९ चा चित्रपट आपल्यातल्या वयस्कांना आठवत असेल. आयर्स्टचा विचार मला प्रत्येक वेळी येतो. घरझडतीचे हुकूम त्याने काढले नव्हते. त्याची बायको शेजारी बसली होती.

यानंतर पुण्यावर काय कोसळले ते वेगळेच प्रकरण आहे. जादा पोलीस बसले. नातू बंधूंना चौकशीशिवाय स्थानबद्ध केले. टिळकांना केसरीतल्या लेखांवरून राजद्रोहाची दीड वर्षाची शिक्षा झाली. गोखले त्या वेळी विलायतेत होते. झडत्यांमध्ये स्त्रियांवर अत्याचार झाल्याचे त्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधाराने तिथल्या वर्तमानपत्रात सांगितले होते. परत आल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांना भित्रा ठरवले. मला तसे वाटत नाही. पत्रे लिहिणारे मागे सरले आणि सही करणारा एकटा उरला, असा प्रसंग नोकरीत मी फार जवळून पाहिला आहे.

सरकारने २०,००० रुपयांचे बक्षीस लावले. त्या काळचे २०,००० म्हणजे पिढीची सोय! चापेकरांच्या ओळखीतल्याच गणेश शंकर द्रविड याने पोलीस अधिकारी ब्रुइन यांना नाव दिले. त्याचा भाऊ रामचंद्र यात होता. ऑगस्टमध्ये दामोदरपंत मुंबईत पकडले गेले. त्यांनी कबुली दिली, खटला चालला, फाशीची शिक्षा झाली. टिळक तेव्हा येरवड्यातच कैदेत होते. त्यांनी आपली गीतेची प्रत दामोदरपंतांना दिली आणि ती हातात घेऊनच १८ एप्रिल १८९८ रोजी ते फासावर गेले. वय २८.

बाळकृष्णपंत निसटले होते. निजामाच्या मुलखात उपाशीतापाशी लपत फिरले आणि अखेर पकडून पुण्यात आणले गेले. वासुदेवराव सगळ्यांत धाकटे, विशीच्या आतले. पोलिसांच्या नजरेखाली पुण्यातच राहत होते, चौकशीला हजेरी लावत होते. त्यांच्या मनात एकच होते. ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री ते आणि मित्र महादेव विनायक रानडे वेष पालटून सदाशिव पेठेत द्रविडांच्या घरी गेले. ब्रुइनसाहेबांनी बोलावले आहे, असे सांगून त्यांनी दोघा भावांना बाहेर काढले आणि वाटेत गोळ्या घातल्या. दोघेही द्रविड मेले. या दोघांबरोबर खंडो विष्णू साठे हा शाळकरी मुलगाही कटात होता. लगेच धरपकड झाली.

मला या कथेतला सर्वांत जड भाग हा वाटतो. थोरला गेला तेव्हा धाकट्याला सुटायची वाट होती. तो अल्पवयीन, रँडच्या रात्रीचा मुख्य आरोपी नव्हे. हरिभाऊंच्या म्हातारपणाला एक मुलगा उरला असता. पण भावाला पैशासाठी विकले गेले, ही गोष्ट त्याला सहन होईना. द्रविडांनाही घरी माणसे होतीच. त्यांच्याही घरात त्या रात्री एकदम दोन मुलगे गेले. आपल्याकडे द्रविडांचे नाव घेताना आपण थुंकतो आणि पुढे जातो. त्यांच्या आईचा विचार कोणी केल्याचे मी वाचलेले नाही.

मे १८९९ मध्ये येरवड्याला एका आठवड्यात तिघांना फाशी दिले गेले. ८ तारखेला वासुदेवराव, १० तारखेला महादेव रानडे, १२ तारखेला बाळकृष्णपंत. साठ्याच्या वयाकडे पाहून त्याला १० वर्षांची सक्तमजुरी झाली. कीर्तनात बापाच्या मागे उभे राहणारे तिन्ही मुलगे गेले, आणि घरात विधवा सुना राहिल्या. त्या काळच्या सोवळ्या घरातल्या विधवेचे जिणे काय असते ते आमच्या पिढीने आज्यांच्या रूपात पाहिले आहे. विधवांची बाजू घेणाऱ्या सुधारकांवर दामोदरपंतांचा राग होता, हे मी वर लिहिलेच आहे.

ही बातमी महाराष्ट्रभर गेली. नाशिकजवळच्या भगूर गावात विनायक सावरकर नावाच्या शाळकरी मुलाने ती वाचून कुलदेवतेपुढे शपथ घेतली. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे.

चिंचवडगावातला चापेकर वाडा आता दुरुस्त करून स्मारक म्हणून उभा आहे. मोरया गोसावींच्या दर्शनाला आपण जातोच. चौकात पुतळ्यांपाशी नातवंडांचा फोटो काढून झाला की पुढे गावात शिरून वाडाही दाखवा. आत जाताना त्यांना सांगा, की याच घरातले तीन भाऊ आधी झांजा वाजवत बापाच्या कीर्तनाला उभे राहत. आणि आत्मवृत्ताची प्रत कोणाला हवी असल्यास माझ्याकडे आहे. फक्त सोसायटीच्या लायब्ररीतल्या पुस्तकांसारखी तिची गत करू नका, पंधरा दिवसांत परत द्या.